प्रेअरी आधी की झाडी? शिकागोच्या नॉर्थ पार्क व्हिलेजची फेरी, टप्प्याटप्प्याने

शिकागोच्या उत्तर भागात, पुलास्की रोडवर, पीटरसन आणि ब्रिन मॉर या दोन रस्त्यांच्या मधोमध ४६ एकरांचं एक निसर्ग केंद्र आहे: नॉर्थ पार्क व्हिलेज नेचर सेंटर. प्रवेश फुकट. आत दाट झाडी आहे, ओकची विरळ झाडी आहे, पाणथळ आहे आणि प्रेअरी, म्हणजे इकडचं उंच गवताचं माळरान आहे. भारतातून आईवडील आले की अनेक घरं त्यांना इथे घेऊन जातात, अर्ध्या तासात चक्कर उरकतात आणि "गवतच तर होतं" म्हणत गाडीत बसतात. काहींना मग दोन दिवसांनी पोटरीवर फोड येतात, काहींना गुडघ्यामागे काळा ठिपका चिकटलेला सापडतो.

दोन्हीचं मूळ एकच. इथे लोक बागेत जावं तसं जातात. ही बाग नाही. इथे तयारी घरून करून निघायचं असतं, आत गेल्यावर क्रम पाळायचा असतो आणि परत आल्यावर अर्धा तास राखून ठेवायचा असतो. मिलवॉकीपासून इंडियानापोलिसपर्यंत शहरातल्या अशा कुठल्याही छोट्या प्रेअरी-झाडीच्या तुकड्याला खालचीच रीत लागू पडते.

## १. आधी महिना ठरवा, मग तास

"उन्हाळ्यात कधीतरी जाऊ" हा बेत जवळजवळ नेहमी फसतो, कारण झाडी आणि प्रेअरी एकाच वेळी भरात नसतात.

झाडीची खरी वेळ एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. झाडांना पालवी फुटून सावली पडण्याआधी जमिनीवर ऊन पोचतं, तेवढ्या तीन-चार आठवड्यांत खालची रानफुलं उगवून, फुलून, बी धरून मोकळी होतात: ब्लडरूट, ट्रिलियम, व्हर्जिनिया ब्लूबेल्स. जूनमध्ये गेलात तर नुसता हिरवा काळोख दिसेल. मेच्या पहिल्या तीन आठवड्यांत दक्षिणेकडून येणारे वॉर्बलर पक्षीही याच झाडीत उतरतात.

प्रेअरीची वेळ उलटी. मेमध्ये ती घोट्याएवढी असते. फुलं जुलै-ऑगस्टमध्ये, गवत पुरुषभर उंच सप्टेंबरात, रंग ऑक्टोबरात.

एकच भेट शक्य असेल तर आमची पसंती सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याला. गवत पूर्ण वाढलेलं असतं, मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या वाटेवर असतात, डास कमी झालेले असतात. पाहुण्यांचं परतीचं तिकीट ऑगस्टचं असेल तर जुलैचा शेवट घ्या.

पायवाटा सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत उघड्या असतात. पहाटे सहाला पक्षी बघायच्या हिशेबाने निघालात तर फाटकाबाहेर उभे राहाल. दुपारी साडेतीनला पोचणारेही बरेच असतात, त्यांना निम्म्यातून फिरावं लागतं. निघण्याआधी शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघून घ्या, सणासुदीला बदल असतो.

तपासा: आदल्या दिवशी जोरात पाऊस झाला असेल तर एक दिवस पुढे ढकला. पायवाटा डांबरी नाहीत, चिखल होतो.

## २. आदल्या रात्रीची तयारी

इथला मुख्य शत्रू गोचीड. गावाकडे गाई-म्हशींच्या अंगावर टम्म फुगलेली गोचीड बघितलेल्यांना वाटतं, ती दिसेलच की. इथली काळ्या पायांची गोचीड, जिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो, तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि मोठी मादी तिळाएवढी. पिल्लांचा जोर मे ते जुलै. ती झाडावरून पडत नाही आणि उडीही मारत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते आणि जे घासून जाईल त्याला पकडते. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीवरून ठरते.

कपडे. फिक्या रंगाची पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले. दिसतं बावळट, पण गोचीड खालून वर चढते आणि पांढऱ्या मोज्यावर दिसते. साडी नको, तिचा घोळ वाटेकडेचं सगळं गवत झाडत जातो. सलवार चालेल, मोज्यात खोचून. चपला, सँडल नकोतच. बंद बूट हवेत, आणि निघण्याआधी त्यांचे तळवे घासून घ्या. आधीच्या सहलीतला चिखल म्हणजे दुसऱ्या जागचं तणाचं बी. गार्लिक मस्टर्ड हे इथलं डोकेदुखी झालेलं तण बुटांच्या चिखलातूनही पसरतं.

कपड्यांवरचं औषध. ०.५ टक्का परमेथ्रिनचा फवारा बूट, मोजे आणि पँटच्या खालच्या भागावर मारा. मोकळ्या हवेत मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, त्याला दोन ते चार तास लागतात. म्हणून आदल्या रात्री. अंगाला लावायचं हे औषध नव्हे. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा, मांजरीला ते विषारी आहे.

अंगावरचं औषध. २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन. हे सकाळी निघताना लावायचं. सनस्क्रीन आधी, ते मुरल्यावर हे. उलट केलंत तर वरचं सनस्क्रीन खालचं औषध झाकून टाकतं. लहान मुलांच्या हातांना लावू नका, हात तोंडात जातात. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना वापरत नाहीत. कडुनिंबाचं तेल किंवा ओडोमॉस यांच्या भरवशावर गोचिडीच्या जागी जाऊ नका.

पिशवीत: माणशी अर्धा लिटर पाणी, टोकदार चिमटा, भांडी घासायच्या साबणाची छोटी बाटली (कशासाठी ते पाचव्या टप्प्यात), झिपच्या दोन पिशव्या आणि असेल तर ८×४२ ची दुर्बीण. फोनवर मर्लिन हे पक्ष्यांचा आवाज ओळखणारं ॲप आणि त्याचा मिडवेस्टचा संच घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. आत उभं राहून उतरवायला घेतलं की दहा मिनिटं तिथेच जातात.

छोट्या चाकांची बाबागाडी वाटेत रुतते. बाळ पाठीवरच्या झोळीत न्या.

## ३. पोचल्यावरची दहा मिनिटं

केंद्राची इमारत नॉर्थ पार्क व्हिलेज या मोठ्या आवारात आहे. त्याच आवारात ज्येष्ठांची वस्तीही आहे, त्यामुळे नवखा माणूस भलत्याच इमारतीसमोर गाडी लावतो. पाट्या बघत नेचर सेंटरपर्यंत या. गाडी नसेल तर ५३ नंबरची पुलास्की बस या रस्त्याने जाते.

स्वच्छतागृह इमारतीत आहे, पायवाटेवर नाही. सगळ्यांना आधी जाऊन येऊ द्या, विशेषतः ज्येष्ठांना. नकाशाचा फोटो काढून घ्या आणि फळ्यावर काही सूचना असेल तर वाचा.

कुत्रा आणि सायकल आत चालत नाहीत. फूल, पान, बी, ओकचं फळ काहीही तोडून किंवा उचलून न्यायचं नाही. रानभाजी दिसली की हात शिवशिवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय. वसंतात इकडच्या झाडीत रँप नावाचा रानकांदा उगवतो, पातीला लसणीचा घमघमाट येतो. वास घ्या, खुडू नका.

## ४. क्रम: सूर्य बघून ठरवा

सर्वांत जास्त चुकणारी पायरी ही. लोक इमारतीतून बाहेर पडून जी वाट आधी दिसेल ती धरतात.

जून ते मध्य सप्टेंबर: आधी प्रेअरी, मग झाडी. प्रेअरीत सावली अजिबात नाही. दहाला आत शिरा आणि सव्वाअकराच्या आत बाहेर पडा. नंतरच्या उन्हात ज्येष्ठांना घेऊन तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा.

एप्रिल-मे: आधी झाडी. सकाळी पक्षी जास्त बोलतात, आणि प्रेअरीत बघण्याजोगं फार नसतं. काही वर्षी वसंतात तिथे सगळं काळंठिक्कर जळालेलंही दिसेल. आग लागलेली नसते, लावलेली असते. प्रशिक्षित लोक वाऱ्याची दिशा बघून ठरवून जाळतात, त्यामुळे घुसखोर झुडपं मरतात आणि गवताला काही होत नाही, कारण त्याचं बस्तान जमिनीखाली आहे. बिग ब्लूस्टेम या इथल्या मुख्य गवताची मुळं आठ-दहा फूट खोल जातात. जळालेल्या तुकड्यात फोटोसाठी पाऊल टाकू नका. राखेतून बोटभर कोंब वर येत असतात, तेच पायाखाली जातात.

ऑक्टोबर: प्रेअरी शेवटी, दुपारी तीनच्या सुमारास, सूर्य समोर ठेवून. उन्हाच्या बाजूला पाठ करून बघितलेलं गवत नुसतं तपकिरी दिसतं. समोरून ऊन आलं की लिटल ब्लूस्टेमची तांबूस ताटं आणि त्यांवरचे पांढरे केसाळ तुरे पेटल्यासारखे दिसतात.

### प्रेअरीत काय बघायचं

चालू नका, थांबा. एका जागी पाच मिनिटं, अशा चार जागा. वाटेवरच उभं राहायचं, गवतात शिरायचं नाही. डोळे आधी वर, मग कमरेच्या पातळीला, मग गुडघ्याखाली.

वर बघा ते तुरे. तीन फाट्यांचा, कोंबडीच्या पायासारखा तुरा तो बिग ब्लूस्टेम. सोनेरी-तपकिरी मऊ पिसासारखा तो इंडियन ग्रास. हा इंडियन आपला नव्हे. पण नातं मात्र निघतं: त्याच्या सॉर्घॅस्ट्रम या शास्त्रीय नावात सॉर्घम, म्हणजे ज्वारीच आहे, आणि ही गवतं ज्वारीच्याच गोतावळ्यातली. सोलापूरकडच्या आजोबांना हातात न देता नुसतं दाखवलं तरी कणीस बघून ते ओळखतील.

जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यफुलासारखी पिवळी फुलं आणि माणसापेक्षा उंच दांडे दिसले तर खालची पानं बघा. खोल कातरलेली पानं उभी राहून त्यांच्या कडा उत्तर-दक्षिणेला रोखलेल्या असतील तर तो कंपास प्लँट. फोनमधलं होकायंत्र काढून पडताळा, मुलांना हे फार आवडतं. त्याचाच भाऊ प्रेअरी डॉक, अळूच्या पानाएवढी मोठी, खरखरीत पानं. भर उन्हात त्याच्या पानाला वाटेवरून तळवा लावून बघा, थंड लागतं. खोल मुळांनी ओढलेलं पाणी पानातून सतत उडत असतं.

मिल्कवीड शोधा. पान मोडलं की पांढरा चीक येतो (मोडू नका, विश्वास ठेवा), कारण ती आपल्या रुईच्या कुळातली. आपल्याकडे रुईवर प्लेन टायगर हे केशरी फुलपाखरू अंडी घालतं. त्याचं इथलं भावंड मोनार्क. जून ते ऑगस्ट वाकून पानाची खालची बाजू बघा. मोहरीहूनही बारीक, दुधाळ, उभ्या रेघांचं एकुलतं एक अंडं असेल, किंवा पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी.

चूक: ऑगस्टअखेर शिंका सुरू झाल्या की पिवळ्या गोल्डनरॉडला दोष दिला जातो. त्याचे परागकण जड आणि चिकट, ते कीटकांच्या पायांवरून जातात. वाऱ्यावर उडतात ते त्याच सुमारास फुलणाऱ्या, बेरंगी फुलांच्या रॅगवीडचे. ज्यांना त्रास आहे त्यांनी घरूनच ॲलर्जीची गोळी घेऊन यावं.

## ५. कड ओलांडताना: पॉयझन आयव्ही

माळ संपून झाडी सुरू होते ती कड हे या वनस्पतीचं आवडतं ठिकाण. इथे थांबून सगळ्यांना ती ओळखायला शिकवा, मगच पुढे चला.

कोकणात किंवा देशावर वाढलेल्यांना समजावणं सोपं आहे. बिब्बा अंगावर उततो ना, तेच हे. पॉयझन आयव्ही, बिब्बा, काजू, आंबा ही सगळी एका कुळातली. आयव्हीतलं उरुशिओल नावाचं तेल कातडीला लागलं की बहुतेकांना १२ ते ४८ तासांत खाज, लाली आणि पाण्याचे फोड येतात. आंब्याच्या चिकाने किंवा बिब्ब्याने ज्यांचं तोंड-हात उततात त्यांनी जास्तच सांभाळावं.

ओळख अशी:

- तीन-तीन पर्णिका. मधलीचा देठ लांब, बाजूच्या दोन जवळजवळ बिनदेठी.
- पानं फांदीवर एकाआड एक, समोरासमोर नाहीत.
- काटे कधीच नाहीत. काटे असतील तर ती बहुधा रासबेरी किंवा ब्लॅकबेरी.
- मेमध्ये कोवळी पानं तांबूस, तकतकीत. ऑगस्टमध्ये मळकट हिरवी. ऑक्टोबरात लालभडक, आणि नेमकी तेव्हाच ती फोटोसाठी हातात धरली जातात.
- झाडावर चढलेली वेल सुतळीला केस फुटल्यासारखी दिसते. पानं गळालेल्या हिवाळ्यातही तिच्यात तेल असतं.

पाच पर्णिकांची वेल म्हणजे व्हर्जिनिया क्रीपर. तीन पर्णिका पण पानं समोरासमोर, तर बहुधा बॉक्स एल्डरचं रोप. शंका आली तर लांब राहा.

लागलंच तर: तो साबण आता काढा. उरुशिओल हे तेल आहे, नुसत्या पाण्याने जात नाही. साबण लावून, फडक्याने घासून, पाण्याने धुवा, आणि पुन्हा एकदा. जितक्या लवकर, तितकं बरं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत धुतलं तर बराच त्रास टळतो. मग बुटाची नाडी, फोन, काठी पुसा. तेल त्यांवर राहतं आणि आठवड्यानेही हाताला लागतं. फोडांतल्या पाण्याने मात्र ते पसरत नाही, म्हणून घरच्यांनी त्या माणसाला वाळीत टाकायचं कारण नाही. चेहऱ्यावर किंवा डोळ्यांजवळ आलं, तर डॉक्टरकडे जा.

## ६. झाडीत: आधी कान

आत शिरल्यावर तीन मिनिटं कोणीही बोलायचं नाही. मर्लिन सुरू करून फोन छातीशी धरा. नाव दिसलं की त्या दिशेला दुर्बीण, उलट नाही. पानांमागे सव्वाचार इंचांचा पक्षी नुसत्या डोळ्यांनी शोधत बसलात तर मान दुखण्यापलीकडे काही हाती लागत नाही. आणि मर्लिन चुकतंही, आवाज एकाच पक्ष्याचा असतो आणि ते तीन नावं लिहितं. दिसल्याशिवाय नोंद करू नका.

ओक बघताना खाली पडलेलं फळ बघा. टोपीच्या कडेला झालरीसारखे केस असतील तर तो बर ओक. त्याची साल बोटाने दाबून बघा, बुचासारखी जाड आहे. प्रेअरीच्या आगीत हाच तगतो.

चिखल लागला तर मधूनच चाला. बूट वाचवायला कडेकडेने गेलं की वाट दरवर्षी हातभर रुंदावते आणि तेवढी फुलं कायमची जातात. ट्रिलियमला बीपासून पहिलं फूल यायला सात-सात वर्षं लागतात.

हरणं दिसतात, माणसाला फारशी बिचकत नाहीत. खायला घालू नका, जवळ जाऊ नका. मे-जूनमध्ये पाडस एकटंच गवतात बसलेलं दिसलं तर ते हरवलेलं नाही, आई जवळपास चरत असते. हात न लावता निघा. डबा परत आल्यावर, बाहेर उघडा.

तपासा: दर अर्ध्या तासाने एकमेकांचे मोजे आणि पँटचे पाय बघा. हलणारा ठिपका दिसला तर चिकटपट्टीने किंवा चिमट्याने उचला.

## ७. घरी आल्यावरचा अर्धा तास

थकून सोफ्यावर बसू नका. आधी अंगातले कपडे थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. धुण्याआधी. कोमट पाण्याच्या धुण्यात गोचीड जगते, कोरड्या उष्णतेत मरते. कपडे आधीच ओले असतील तर जास्त वेळ लागेल. आयव्हीची शंका असलेले कपडे मात्र ड्रायरमध्ये टाकू नका, ते वेगळे, गरम पाण्यात आणि भरपूर साबणात धुवा.

मग दोन तासांच्या आत आंघोळ आणि अंग तपासणी: गुडघ्यामागे, जांघेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांत. ज्येष्ठांना स्वतःचं सगळं दिसत नाही, त्यांना मदत लागते, आणि संकोचाने ते मागत नाहीत. आजीच्या वेणीखाली सुनेने नाहीतर लेकीने बघावं.

चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर, एकसारखं ओढा. पिळू नका. काडी ओढून चटका देणं, रॉकेल, तेल, नेलपॉलिश, हे सगळे घरगुती उपाय उलटे पडतात: गोचीड सुटायच्या आधी पोटातलं जखमेत टाकू शकते. सोंडेचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका, कातडी स्वतःच बाहेर ढकलते. जागा साबणाने धुवा. गोचीड झिपच्या पिशवीत ठेवा, तिचा फोटो काढा आणि तारीख फोनमध्ये लिहा.

लाइमचा जंतू अंगात जायला बहुधा २४ तासांहून जास्त वेळ ती चिकटलेली राहावी लागते, म्हणून त्याच दिवशी काढलेल्या गोचिडीची फार धास्ती नको. फुगलेली असेल, किंवा कधी चिकटली ते सांगता येत नसेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला फोन करा. काही वेळा प्रतिबंधक औषधाचा एकच डोस देतात. त्यानंतर ३० दिवस पसरत जाणारा लाल चट्टा, ताप, सांधेदुखी यांवर लक्ष ठेवा. मधल्या काळात पाहुणे भारतात परतणार असतील तर तारखेची चिठ्ठी आणि फोटो त्यांच्या फाइलीत घाला. तिकडच्या डॉक्टरांना लाइम सहसा बघायला मिळत नाही, चट्ट्याला गजकर्ण समजून मलम दिलं जाऊ शकतं.